जाईची माया

धुकं थेट उंबऱ्याशी येऊन बसायचं, अशा एका डोंगरगावात, एका घरामागे जाईची वेल होती. तिच्या शेजारी भिंतीलगत हीट पंप बसवलेला होता. बोचऱ्या वाऱ्यात तो उघडा बघून वेलीचा जीव तुटे. ती त्याच्याभोवती पसरू लागली.

"जाईबाई, नको," पंप म्हणाला. "याच वाऱ्यातली ऊब वेचून मी घरात नेतो. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर आणून वाऱ्यालाच देतो. वारा अडला की मी संपलो."

"इतक्या गार वाऱ्यात कसली आलीय ऊब?" वेल हसली. "उगीच संकोच करू नकोस रे."

तिने पानामागून पान गुंफत त्याला पुरतं झाकलं. पंप धापा टाकू लागला आणि एका सकाळी गप्पच झाला.

घरात बाळंतीण यमुना होती. "बाळाचे पाय बर्फ झालेत हो," असं म्हणत, तान्ह्याला गोधडीत गुंडाळून ती रडत खाली माहेरी निघून गेली.

वेल हादरली. तिने मागे सरायची धडपड केली. पण वेलीला धरणं येतं, सोडणं येत नाही.

"अरे, वारा आलाय, घे ना," ती विनवत राहिली.

वारा तिच्या पानांवर आपटून परत गेला.