लाकडी पावलाचं टेंगूळ

यंत्रंही तोंड उघडून बोलायची, त्या काळची गोष्ट. म्हाकू सणगराकडे लोकरीचे जोडे घडवणारं एक यंत्र होतं. म्हाकू लाकडी पावलावर ओली लोकर गुंडाळायचा आणि यंत्राचा घण ती धपाधप कुटून घट्ट बसवायचा.

एकदा घणाखाली एक पाऊल आलं. त्याच्या अंगठ्याशी हे एवढं टेंगूळ! यंत्रानं नाक मुरडलं. "असला बेढब जोडा माझ्या हातून? लोक मलाच नावं ठेवतील."

"अरे, ते मुद्दाम कोरलंय," लाकडी पाऊल कळवळून म्हणालं. पण यंत्र ऐकतंय कुठलं! दोन घाव जास्तीचे घालून त्यानं टेंगूळ उडवलंच. जोडा कसा सुबक निघाला!

दुसऱ्या दिवशी ठकूआजी जोडा न्यायला आली. लोकर तिच्याच मेंढरांची होती. जन्मभर त्यांच्यामागं चालून तिच्या अंगठ्याचं हाड वर आलं होतं. तिनं जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, पण पाय काही आत जाईना. म्हाकूनं कपाळाला हात लावला आणि तो यंत्रावर ओरडला.

"त्याला नगं बोलूस रं," आजी म्हणाली. "माझाच पाय वंगाळ." मग घणाला चिकटलेली लोकर तिनं पदरानं पुसली. "माझ्यापायी तुला बोलणी बसली, लेकरा."

आजी अनवाणीच निघून गेली. यंत्राचा घण खाली गेला, तो काही केल्या वर येईना.

म्हाकूला वाटलं, तेल संपलं.