एक लाख तीन

"बाबा, असा आकडा सांगू, ज्याला कुणाचाच भाग जात नाही?"

जमालबाबा जपाच्या तुटलेल्या तसबीचे मणी दोऱ्यात ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "सांग."

"एक लाख तीन."

सराफानं गादीवर हिरा ठेवावा, तसा शिवदासानं तो आकडा ठेवला.

टेकडीवरच्या या फकिरांच्या तकियात येऊन त्याला वर्ष झालं होतं. बायको गेली, तेव्हापासून माणसांत मन रमेना. थोरला भाऊ नरहरी दर बाजाराच्या दिवशी पायथ्याशी यायचा, हाका मारायचा, घसा बसला की परत जायचा. हा वर कपारीत, कोळशानं भिंतीवर भागाकार मांडत बसलेला.

"दोनाचा नाही जात?"

"एक उरतो."

"तिनाचा?"

"एक उरतो."

"साताचा तरी?"

"तिथंही एकच. बाबा, पुढचेही सगळे लावून बघितले. येतो तो हात हलवत परत जातो. एक आणि तो स्वतः, बस्स." त्याचा आवाज खाली आला. "मी तसाच आहे. वरच्या कपारीत कायमचा राहतो. तेवढी परवानगी द्या."

बाबांनी पुढचा मणी ओवला.

बाहेर पंगत मांडली होती. तकियाचा रिवाज जुना. एका ताटात दोघांनी जेवायचं, आणि एकही माणूस ताटावर एकटा असेल तोवर कुणी घास उचलायचा नाही. खिचडीचा वास आत येत होता. जेवणाचा आवाज मात्र नव्हता.

"त्यातला एक काढ," बाबा म्हणाले.

"काढला की मग राहिलं काय? एक लाख दोन! त्यात काय राम? दोघांत वाटा, तिघांत वाटा, सातांत वाटा... सरळ वाटे पडतात. मागं काही उरत नाही."

"मग इतका वेळ अडवलं होतं कुणी?"

 

बाहेर कुणीतरी करवादलं, "अहो, खिचडीचा दगड झाला! त्या पाहुण्याला जोडी बघा कुणीतरी!"

"म्हटलं की माझ्यासंगं बस," दुसरा म्हणाला. "ऐकेल तर शपथ! भाऊ येतोय म्हणतो. गुडघे धरत टेकडी चढून आलाय बिचारा, जोरानं बोलवतही नाही."

मग एक खोकला आला. बसलेल्या घशाचा. ओळखीचा.

शिवदास दाराकडं बघत राहिला. पंगतीच्या टोकाला भरल्या ताटासमोर नरहरी बसला होता, हात मांडीवर ठेवून. ताटाची अलीकडची बाजू मोकळी होती.

"बाबा... परवानगीचं काय?"

बाबांनी शेवटचा मणी ओवला, गाठ मारली.

"तिथला एक काढलास ना, बेटा? बाहेर एक कमी पडतोय."