सासूबाईंच्या डोक्यावर तेल

एकदा दुपारी तीनच्या सुमारास एका तेलाच्या व्यापाऱ्याच्या घरी एक वृद्ध वैद्यबाई आपल्या शिष्येसह आल्या. माजघरात व्यापारी, त्याची आई आणि चार महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेतलेली त्याची बायको कुमुद बसली होती.

तक्रार केसांची होती. कुमुदच्या फणीत रोज पुंजका येई. भावाचे लग्न पंधरवड्यावर आले होते, करवली तीच होती, आणि तिने साफ सांगून टाकले होते, "मी जाणार नाही. असल्या डोक्यात गजरा माळू कुठे?"

"दुकानातलं सगळ्यात भारी तेल दिलं हो," व्यापारी कुरकुरला. "आता गिऱ्हाइकं विचारतात, शेठ, घरी कुणाचं तेल वापरता?"

शिष्येने सकाळभर खपून माका वाटला होता. तिने लगबगीने पिशवी उघडली.

"राहू दे," वैद्यबाई म्हणाल्या. "थोडं खोबरेल कोमट करून आण."

वाटी हाती येताच त्या सासूबाईंच्या पाठीमागे जाऊन बसल्या.

"अगं बाई, माझं नव्हे! सुनेचं डोकं!"

"ठाऊक आहे. अंबाडा सोडा."

बाईंचे वय झाले, असे शिष्येला वाटले. वैद्यबाई मात्र नखे न लावता, बोटांच्या पेरांनी शांतपणे तेल जिरवत राहिल्या. सासूबाईंचे सुनेविषयीचे गाऱ्हाणे अर्ध्यावरच विरले, मान कलली आणि त्या चक्क घोरू लागल्या. तेवढ्यात बाळ रडले. व्यापाऱ्याने ते झटकन उचलले. "श्श! आई झोपलीय!" म्हणत तो बाळाला घेऊन चवड्यांवर परसात गेला.

"बाई, पण औषध?" शिष्येने हळूच विचारले.

"पाहिलंस ना? म्हातारीचा डोळा लागला आणि घर चवड्यांवर चालू लागलं. म्हणजे कुणाची झोप जपणं या घराला येतं. अगं, गरोदरपणी गळायचे थांबलेले केस बाळंतपणानंतर एकदम गळतात. बहुतेकींचे परत येतात. त्यात तेलाचा पराक्रम नाही. वेणी सैल घालावी, फणी हळू फिरवावी. पण पोटभर अन्न आणि झोप लागतेच ना? हिच्या झोपेसाठी या घरात कुणी कधी श्श म्हटलंय?"

मग त्यांनी कुमुदच्या कपाळावरचे केस बाजूला सारून आरसा तिच्यापुढे धरला. कडेने कोवळे, आखूड केस उभे राहिले होते.

"अय्या! साळिंदर दिसतेय मी!" कुमुद खळखळून हसली.

त्या हसण्याने सासूबाई जाग्या झाल्या. क्षणभर त्यांनी सुनेकडे नीट पाहिले. "इकडे ये. बस माझ्यापुढे," त्या म्हणाल्या. "आण गं ती वाटी."

शिष्येने पिशवीचे तोंड बांधले. तिला औषध समजले होते.

"आता बाळंतिणीचे लाडूही द्या तिला," वैद्यबाई म्हणाल्या.

"डिंकाचे, चांगले डबाभर केलेत!" सासूबाईंनी अभिमानाने झाकण काढले. तळाशी चुरा होता.

"मला दोनच मिळाले होते," कुमुद म्हणाली.

दाराशी आलेला व्यापारी बाळाला आढे दाखवू लागला.

कुमुद लग्नाला गेली, भरघोस गजरा माळून गेली. सासूबाईंनी नवे लाडू वळले आणि डब्याला कुलूप लावून किल्ली सुनेच्या हाती दिली. पहिला डबा कोणी संपवला, हे मात्र त्या घरात अद्याप कोणीही सांगितलेले नाही.