कापऱ्या ओठांची सनई

फार जुनी गोष्ट. नद्यांवर पूल नव्हते, माणसं काठावरून हाक मारून होडी बोलवायची, तेव्हाची. एका डोंगरी राज्यात शिदू नावाचा सनईवाला राहत होता.

माळावर तो एकटा सनई वाजवी, तेव्हा चरणारी गुरं माना वर करीत. वाटसरू डोक्यावरचं ओझं उतरवून बसत. पण चार माणसं मुद्दाम ऐकायला समोर बसली, की शिदूच्या तोंडाला कोरड पडे. ओठ कापत. श्वास पुरेनासा होई.

एकदा सरदाराघरच्या लग्नात त्याला वाजवायचा मान मिळाला. वऱ्हाड दारात आलं. शिदूनं सनई ओठांना लावली, गाल फुगवले, आणि नुसती हवाच फुसफुसत बाहेर आली.

"अहो, नवरदेव ताटकळलाय!" कुणीतरी ओरडलं. सगळा मांडव हसला. शिदू मागच्या दारानं निघून गेला.

मग त्यानं उपाय सुरू केले. मांत्रिकाचा ताईत बांधला. ओठ कापायचे ते कापलेच. कुणाच्या सांगण्यावरून भांग पिऊन वाजवायला बसला; भीती गेली, पण तिच्याबरोबर तालही गेला.

त्याची बायको अंबू म्हणाली, "साऱ्या गावाला औषध विचारलंत. ज्यांनी सनई शिकवली, त्या भानजीबाबांना का नाही विचारत?"

"कोणतं तोंड घेऊन जाऊ त्यांच्याकडं?"

"आहे तेच घेऊन जा. दुसरं कुठून आणणार?"

भानजीबाबा राजवाड्याच्या महाद्वारावरच्या नगारखान्यात सनई वाजवीत. शिदू पोचला, तेव्हा ते नुकतेच वाजवायला बसत होते.

"बाबा, भीती जाईल असं काहीतरी द्या."

म्हाताऱ्यानं त्याचा हात ओढून स्वतःच्या छातीवर ठेवला. आत काळीज धाडधाड उडत होतं.

"तुम्हालाही?" शिदू थक्क झाला.

"तुझ्याइतकंच. औषध असतं तर मी आधी नसतं का घेतलं?" बाबा हसले. "अरे, चांगलं वाजावं असं वाटतं, म्हणून तर ती येते. तिला हाकलत बसलं, की श्वास त्या भांडणातच संपतो. मी म्हणतो, ये बाई, बस शेजारी. मग श्वास पुरता सोडतो. पहिला सूर खालचा घेतो, लांब. आणि लोक मला कसे बघतात ते बघत नाही. त्यांच्यात सुराची गरज कुणाला आहे, ते शोधतो."

शिदूनं तसा रियाज धरला. आधी अंबूसमोर, मग शेजारणींसमोर, मग पाणवठ्यावर, मग भर बाजारात. चुकलास तरी थांबायचं नाही, षड्जावर, मूळ 'सा'वर, परत यायचं, एवढीच बाबांची अट. काही दिवस बरे जात, काही वाईट. एकदा तो बाजारातून डोळे पुसत घरी आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

अशातच राजा वारला. मागं एकुलती एक मुलगी होती, जेमतेम वयात आलेली. राज्याभिषेकाचा दिवस ठरला. तिथली रीत अशी, की नव्या राजानं महाद्वारापासून सिंहासनापर्यंत सनईच्या सुरावर एकट्यानं चालत जायचं. शेजारच्या राजांचे दूत दोन्ही बाजूंना येऊन बसले होते. ही कोवळी पोर कुठं अडखळते, तेच त्यांना बघायचं होतं.

नेमके त्या दिवशी भानजीबाबा तापानं फणफणले. त्यांनी निरोप धाडला, "शिदूला बसवा."

शिदू नगारखान्यात बसला. खाली माणसांचा समुद्र. तोंड कोरडं पडलं, ओठ कापू लागले. "ये बाई, बस शेजारी," तो पुटपुटला. त्यानं श्वास पुरता सोडला आणि गर्दीवर नजर फिरवली.

महाद्वारात राजकन्या उभी होती. तिच्या हातात तलवार होती, पण पाऊल काही उचलत नव्हतं.

हिलाच सूर हवाय, शिदूच्या मनात आलं.

त्यानं खालचा, लांब सूर धरला. राजकन्येनं पाऊल टाकलं. सूर चढत गेला, ती चालत गेली. आणि अर्ध्या वाटेवर शिदूचा ओठ घसरला. सूर चिरकला. दूतांनी एकमेकांकडं पाहिलं. राजकन्या जागच्या जागी थबकली.

शिदू थांबला नाही. तो षड्जावर परत आला, तिथं क्षणभर टेकला आणि पुन्हा वर चढला. राजकन्येनं मान ताठ केली. मग ती सिंहासनापर्यंत गेली, ती मध्ये कुठंही न थांबता.

संध्याकाळी नव्या राणीनं त्याला बोलावलं. शिदू खाली मान घालून म्हणाला, "क्षमा असावी, राणीसाहेब. सूर चिरकला माझा."

"हो, ऐकला मी," राणी म्हणाली. "तोवर वाटत होतं, एकदा चुकलं की सगळं संपलं. तुमचा सूर मोडला आणि परत उभा राहिला. तेव्हा मला कळलं, मलाही जमेल."

त्या दिवसापासून भानजीबाबांशेजारी नगारखान्यात शिदूची बैठक ठरली. ओठ अजूनही कापत. सनई मात्र वाजत राही.

बोध: भीती जायची वाट पाहणारा दारातच राहतो; जो भीतीला सोबत घेऊन निघतो, तो स्वतः पोचतो आणि दुसऱ्यालाही पोचवतो.