परत दिलेला सुरा

एका शहरात एकदा एक वृद्ध आचार्य तीन दिवसांचं शिबिर घ्यायला आले. तरुणपणी ते बोटीवर खलाशी होते आणि तिथल्या एका फिलिपिनो सोबत्याने त्यांना आपल्या बेटांवरची युद्धविद्या शिकवली होती. या विद्येची रीत उलटी. इतरत्र आधी रिकामे हात शिकवतात आणि मग शस्त्र हाती देतात. इथे पहिल्या दिवशी वेताची काठी, दुसऱ्या दिवशी लाकडी सुरा, आणि तिसऱ्या दिवशी ते सारं काढून घेऊन तेच हात रिकामे फिरवायला लावतात.

लग्नसराई संपलेली, म्हणून एक मंगल कार्यालय स्वस्तात मिळालं होतं. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं, दोन व्यायामशिक्षक, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक तरुण मुलगी, एवढेच शिष्य.

मुलगी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायक होती. पाठीमागे कुणाची काठी पडली तरी ती केवढ्याने तरी दचकायची. पोरं हसायची. ती दचकत का होती, ते तिने कुणाला सांगितलं नाही. तिचे विभागप्रमुख दीड वर्षापासून मागे येऊन उभे राहत, आणि त्यांचा हात जिथे पडायला नको तिथे पडत असे. तिने दोनदा लेखी तक्रार केली होती आणि दोन्ही वेळा लेखीच मागे घेतली होती. पहिल्या वेळी त्यांची पत्नी घरी येऊन रडली. दुसऱ्या वेळी प्राचार्य म्हणाले, "पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय, एवढं पार पडू दे, मग बघू." आता तिसरी तक्रार होती. सोमवारी चौकशी समितीपुढे तिची सुनावणी होती आणि शिबिर रविवारी संपत होतं. हात खंबीर झाले तर जीभही होईल, अशी तिची भाबडी आशा होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी काठ्या कोपऱ्यात गेल्या. समोरचा लाकडी सुरा खुपसायला येतो. आपण रिकाम्या हातांनी अंग वळवायचं, मनगट धरायचं, मुरडायचं, की सुरा आपल्या हाती येतो. मग मूठ जोडीदाराकडे करून तो परत द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. तिचे जोडीदार पोस्टमास्तर.

"ताई, जरा हळू! ही हाडं पेन्शनवर आहेत."

"सॉरी काका. लागलं का?"

"लागलं तर सांगेन का? घरी कळलं तर उद्यापासून फक्त भजनाला पाठवतील."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. सुरा येत होता, जात होता. दर वेळी ती म्हणे, "घ्या काका," आणि ते म्हणत, "आभारी आहे."

दुपारी आचार्यांनी तिला पुढे बोलावलं. त्यांनी आपल्या लाकडी सुऱ्याच्या धारेला निळा खडू घासला आणि काही न सांगता तिच्यावर धावून गेले. ती दचकली. पण हात दचकले नाहीत. अंग वळलं, मनगट मुरडलं गेलं, सुरा तिच्या हाती आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिने लगेच मूठ त्यांच्याकडे केली. "घ्या सर."

आचार्यांनी सुरा घेतला आणि तिच्या पोटावरून आडवा फिरवला. पांढऱ्या कुर्त्यावर निळी रेघ उमटली.

"मेलीस," ते म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा सुरा तिने घेतला, पुन्हा दिला, पुन्हा रेघ. कुणीतरी फिदीफिदी हसलं आणि गप्प झालं. तिसऱ्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तरीही हाताने सुरा परत दिला. तिसरी रेघ.

"सर, माझं चुकलं काय? तिन्ही वेळा घेतला ना मी?"

"घेतलास. उत्तम घेतलास. मग दिलास कुणाला?"

"तुम्हाला."

"आणि मी कोण होतो?"

मागून पोस्टमास्तर म्हणाले, "पण सर, परत दिल्याशिवाय पुढचा डाव व्हायचा कसा? आणि तुम्हीच तर तसं शिकवलंत."

"मीच शिकवलं," आचार्य म्हणाले आणि तिथेच जमिनीवर बसले. "सकाळपासून या मुलीने दोनशे वेळा सुरा घेतला असेल. दोनशे वेळा परतही दिला. आपल्याला वाटतं, घेणं ही विद्या आणि देणं ही नुसती रीतभात. हाताला हा भेद कळत नाही. तो दोन्ही गोष्टी सारख्याच निष्ठेने शिकतो. माझा एक शिष्य होता, याहून चपळ. एका संध्याकाळी रिक्षा स्टँडवर एकाने त्याच्यावर सुरा काढला. खरा. याने तो सहज काढून घेतला, आणि मूठ पुढे करून त्यालाच परत दिला. बघणाऱ्यांना वाटलं, पोरगा वेडा आहे. वेडा नव्हता तो. मी शिकवलेला होता. त्याच्या आईला हे सांगायला मी चार वेळा गेलो आणि चारही वेळा चहा पिऊन परत आलो."

आचार्य हात टेकून उठले.

"आजपासून सुरा परत द्यायचा नाही. जमिनीवर टाकायचा, पायाने दूर सारायचा. ज्याला हवा त्याने वाकून उचलावा."

सराव सुरू झाला. पोस्टमास्तर दर खेपेला कण्हत वाकत होते. मुलगी यंत्रासारखी सुरा टाकत होती. तिच्या डोळ्यांपुढे तक्रार मागे घेतल्याची ती दोन पत्रं होती. ती कुणी हिसकावून घेतली नव्हती. चांगल्या अक्षरात, तारीख घालून, तिनेच नेऊन दिली होती. खाली "आपली विश्वासू" असंही लिहिलं होतं.

निघताना तिने विचारलं, "सर, हाताला लागलेली सवय सुटते?"

"सुटते."

"किती दिवसांत?"

"ते समोरचा किती दिवस देतो, त्यावर आहे."

सोमवारी ती समितीपुढे उभी राहिली. अध्यक्ष असलेल्या ज्येष्ठ प्राध्यापिकांनी मायेने विचारलं, "बाळा, या वेळी तरी ठाम आहेस ना?"

"हो मॅडम. मी तक्रार मागे घेणार नाही."

आवाज कापला नाही. मॅडमनी चष्मा काढला आणि दोन कागद पुढे सरकवले.

"हे अक्षर तुझंच?"

"हो."

"दोन्हीकडे लिहिलंयस, 'गैरसमजातून तक्रार झाली, माझं काही म्हणणं नाही.' सरांनी बचावात दुसरं काही जोडलेलंच नाही. हेच जोडलंय. आता आम्ही तुझं कोणतं म्हणणं खरं धरायचं, तूच सांग."

पत्नीचं रडणं, प्राचार्यांचं "मग बघू", सारं तिने सांगितलं. सगळ्यांनी मान हलवून ऐकलं. ते कशावर लिहिलेलं नव्हतं. तासाभराने निर्णय आला: तक्रार ग्राह्य धरता येत नाही; मात्र अर्जदाराच्या सोयीसाठी तिची बदली ग्रंथालयात करण्यात येत आहे. विभागप्रमुख आपल्या जागी राहिले.

"इथे सही करा मॅडम," कारकून तिला म्हणाला, "'मान्य' लिहून."

तिने कागद पूर्ण वाचला. 'मान्य नाही' असं लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली. बदली काही त्याने थांबणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. 'समोरचा किती दिवस देतो' हा आचार्यांचा शब्द मात्र तिला आता पुरता कळला होता.

हाती आलेलं सौजन्यापोटी परत करताना एवढंच पाहावं, की घेणाऱ्याचा हात अजून आपल्यावर उगारलेला तर नाही.