टिटवीचा निकाल

एका माळरानात काळविटांचा आणि चिंकाऱ्यांचा असे दोन कळप राहत असत. माळावर एकच तळे होते. उन्हाळ्यात ते आटू लागे आणि मागून येणाऱ्यांच्या वाट्याला नुसता गढूळ चिखल उरे. म्हणून दरवर्षी चैत्रात तळ्याभोवती शर्यत होई. जिंकणाऱ्याच्या कळपाने उन्हाळाभर आधी पाणी प्यायचे, असे ठरलेले होते. धावण्याच्या वाटेवर पांढऱ्या गोट्यांची रेघ आखलेली असे. रेघेच्या आत ज्याचा पाय पडेल, तो बाद. पंचाचे काम टिटवीकडे होते, कारण तिची नजर फार तीक्ष्ण होती.

त्या वर्षी काळवीट वाऱ्यासारखा धावला आणि चिंकाऱ्याच्या चांगला दहा उड्या आधी पोहोचला. त्याच्या कळपाने आनंदाने माना उंचावल्या. इतक्यात टिटवी ओरडली, "थांबा! वळणावर याचा पाय रेघेच्या आत पडला. हा बाद आहे. चिंकारा जिंकला!"

काळवीट धापा टाकत म्हणाला, "टिटवीबाई, माझा पाय आत गेला नाही हो. पुन्हा एकदा पाहाल का?"

"मी डोळ्यांनी पाहिलं आहे," टिटवी तोऱ्यात म्हणाली.

हे ऐकून काळविटाचे भाऊबंद शिंगे रोखून तिच्या अंगावर धावले. पण काळवीट मध्ये उभा राहिला. "मागे फिरा! पंच एकदा बोलला म्हणजे बोलला," तो म्हणाला. मग तो चिंकाऱ्याजवळ गेला आणि म्हणाला, "छान धावलास, मित्रा." एवढे बोलून तो एका बाभळीखाली जाऊन बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

मुलांनो, काळवीट भांडला असता, तर टिटवीही हट्टाला पेटली असती. पण तो भांडला नाही आणि त्यामुळेच तिला चैन पडेना. ती उडत वळणावर गेली. पाहते तो काय! काळविटाच्या खुरांचे सगळे ठसे रेघेच्या बाहेर होते. एक ठसा रेघेला अगदी खेटून होता. त्या खुराने उडालेली एक गोटी तेवढी आत जाऊन पडली होती. धुरळ्यात टिटवीला ती गोटीच पाय वाटली होती.

जवळच कोल्हा बसला होता. तो म्हणाला, "अगं, झालं ते झालं. आता गप्प बस. पंच चुकतो असं कळलं, तर पुढच्या वर्षी तुला विचारील कोण?"

टिटवीला ते क्षणभर पटले. पण तिकडे चिंकाऱ्यांचा कळप पाण्याच्या काठाशी पोहोचला होता. ते पाहताच ती झेपावत तिथे गेली आणि सर्वांना ऐकू जाईल अशी ओरडली, "पिऊ नका! चूक माझी झाली. काळवीट बाद नाही. चला, ठसे दाखवते!"

चिंकाऱ्याच्या मागे त्याची तहानलेली पाडसे उभी होती. त्याने एकदा त्यांच्याकडे वळून पाहिले. मग वळणावर जाऊन त्याने ठसे पाहिले, परत आला आणि कळपाला म्हणाला, "वाट सोडा. पहिलं पाणी त्यांचं." काळविटाकडे वळून तो हळूच म्हणाला, "वळणावर मी तुझ्या मागेच होतो. तुझा पाय बाहेर पडलेला मी पाहिला होता, पण जिंकण्याच्या लोभाने गप्प बसलो. मला क्षमा कर."

काळविटाने एवढा मोठा सुस्कारा सोडला की समोरचा पाचोळा उडाला. "अरे, बाद झाल्याचं दुःख होतंच, पण मी लबाडी केली असं सगळ्यांना वाटेल, याचीच मला धास्ती होती!" तो म्हणाला. मग त्याने आपल्या कळपाला बजावले, "काठावरूनच प्या. कोणीही पाण्यात उतरून ते गढूळ करायचं नाही."

काळवीट लवकर प्यायले आणि बाजूला झाले. चिंकाऱ्यांच्या पाडसांना त्या दिवशी नितळ पाणी मिळाले. इतका वेळ बेचैन असलेली टिटवी आता कुठे पंख मिटून निवांत बसली.

तात्पर्य : चुकलेला निकाल फिरवल्याने पंचाचा मान जात नाही, चूक झाकल्याने मात्र जातो.