म्हाळसेचे ताट

विणकरांच्या एका पेठेत एकदा एक वृद्ध पंच राहत असत. सारी पेठ त्यांना आबा म्हणे. एखाद्या नवरा-बायकोचे पटेनासे झाले की दोघे आबांच्या ओट्यावर येत. समजुतीचे सारे उपाय थकले, तर आबा वाळल्या गवताची एक काडी दोघांच्या हातांवर धरून मोडत. काडी मोडली की संसार संपला, अशी तिथली रीत होती. आबांजवळ एक तरुण शिष्य न्यायनिवाडा शिकत होता. तो हुशार होता, प्रामाणिक होता, आणि आपण हे दोन्ही आहोत याची त्याला जरा जास्तच जाणीव होती.

एके वर्षी राघोजी आणि म्हाळसा हे जोडपे ओट्यावर आले. दहा वर्षांचा संसार, आठ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा. चूक कोणाची यावर पेठेत दोन तट होते, आणि दोन्ही तटांना आतली गोष्ट ठाऊक नव्हती. आपणही त्यात पडायला नको. एवढे खरे की दोघांना एका छपराखाली राहणे आता अशक्य झाले होते.

त्या पेठेत मागावर पुरुषाने बसायचे आणि बाकीचे सारे बाईने करायचे. बाकीचे म्हणजे सूत उकलणे, त्याला खळ लावणे, वाळवणे आणि कांड्या भरणे. कांडी म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची लहानशी गुंडाळी. ती वेळेवर हाती आली नाही तर माग थांबतो. बाईने मात्र मागावर बसणे अशुभ मानत. का, ते कोणाला सांगता येत नसे, पण मानत सगळेच.

आबांनी वाटणीचे काम शिष्यावर सोपवले. त्याने चार दिवस खपून घरातली वस्तू न् वस्तू मांडली. सोनाराला बोलावले, तांब्या-पितळेची भांडी वजन करून घेतली, शेळीची किंमत दोन गवळ्यांकडून काढली. माग आणि घर राघोजीच्या वाट्याला गेले. म्हाळसेच्या वाट्याला चांदीचे तोडे, सारी भांडी, शेळी, तळाला आलेली धान्याची कणगी आणि थोडी रोकड आली. दोन्ही बाजूंची किंमत रुपयापर्यंत जुळली. लेकरे रीतीप्रमाणे आईकडे राहणार होती. पण त्या रीतीला एक शेपूट होते. आईला लेकरे पोसता येत नाहीत असे पंचांना आढळले, तर ती बापाच्या घरी जात.

पौर्णिमेला पेठ जमली. शिष्याने वाटणी वाचून दाखवली. राघोजी बरोबर आहे म्हणाला. म्हाळसेने लेकरांकडे पाहिले आणि मान डोलावली. आबांनी काडी उचलली, दोघांच्या पुढे केलेल्या हातांवर धरली. आणि आबांनी ती काडी न मोडता आपल्या पागोट्यात खोचली.

दोघांनी या वाटणीप्रमाणे महिनाभर वेगळे राहावे, पुढच्या पौर्णिमेला काडी मोडू, एवढेच ते म्हणाले. शिष्याला त्यांनी वेगळे काम सांगितले. दर सोमवारी राघोजीकडे आणि दर गुरुवारी म्हाळसेकडे दुपारी जेवायला जायचे, आणि पाहिलेले येऊन सांगायचे. शिष्याला हा आपला अपमान वाटला. चार दिवस घाम गाळून केलेल्या वाटणीची पारख आता भाजी-भाकरीने होणार होती. 

पहिल्या सोमवारी राघोजीने स्वतः थापलेली भाकरी एका बाजूने करपली होती आणि दुसऱ्या बाजूने कच्ची होती. कांड्या भरायला कोणी नसल्याने माग दोन दिवस बंद होता. शिष्याला त्याची दया आली. दुसऱ्या सोमवारी शेजारी राहणाऱ्या भावजयीकडून जेवण येऊ लागले होते, आणि कांड्याही तीच भरून देत होती. घरचेच काम, त्यात काय एवढे, असे राघोजी म्हणाला. तिसऱ्या सोमवारी कापडाचा व्यापारी दारात उभा राहून नवी लुगडी सांगत होता. चौघांना पोसणारा माग आता एकट्याला पोसत होता, आणि ते राघोजीच्या अंगावरच्या नव्या धोतरावर दिसत होते. मात्र निरोप देताना त्याने हळूच विचारले, की धाकटा आपली आठवण काढतो का. 

म्हाळसा नदीकडच्या आळीत एका भाड्याच्या खोलीत राहत होती; घरमालकाने वर्षाचे भाडे आधीच घेतले होते, त्यात तिची रोकड गेली होती. पहिल्या गुरुवारी तिने भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर चमचाभर तूप वाढले. कांड्या भरण्याचे काम मिळावे म्हणून ती पेठेतली अकरा घरे फिरून आली होती. प्रत्येक घरात सून होती, लेक होती, सासू होती. दोन घरांनी काम दिले, तेही ओंजळभर ज्वारीच्या बोलीवर. दुसऱ्या गुरुवारी तिच्या पायांत तोडे नव्हते. काम करताना टोचतात, असे ती म्हणाली. तिसऱ्या गुरुवारी शेळी दिसली नाही. चरायला गेली आहे, असे ती म्हणाली. ताट मात्र तिन्ही वेळा भरलेले होते, आणि तूपही होते.

शिष्य आनंदाने आबांकडे आला. दोन्ही घरे सुखात आहेत, उलट म्हाळसेच्या घरचे जेवण अधिक चांगले आहे, तेव्हा वाटणीत कुणाला झुकते माप मिळालेच असेल तर ते तिलाच, असे त्याने सांगितले. आबांनी सारे ऐकून घेतले.

"आणि ती काय जेवली?" त्यांनी विचारले.

 पाहुणा जेवून उठल्यावर घरच्या बायका जेवतात, हे काय आबांना ठाऊक नव्हते? तिला जेवताना त्याने पाहिलेच नव्हते.

"या गुरुवारी उपवास आहे म्हणून सांग," आबा म्हणाले. "पाटावर बसू नकोस. पण घरातले शेवटचे माणूस जेवेपर्यंत तिथून हलूही नकोस."

चौथ्या गुरुवारी शिष्य म्हाळसेच्या उंबऱ्याशी बसला. उपवास म्हटल्यावर तिचा चेहरा क्षणभर सैल पडला, आणि तो बसूनच राहणार हे कळल्यावर पुन्हा आवळला. तिने चूल उगाच सारखी केली. घागर हलवली. लेकरे टोपलीकडे पाहत होती. टोपलीत दोनच भाकऱ्या होत्या. उन्हे कलायला लागली तरी तो उठेना, तेव्हा तिने एक भाकरी काढली, मोडली आणि अर्धी-अर्धी दोघांना दिली. स्वतः तांब्याभर पाणी प्यायली.

"तुम्ही?" शिष्याने विचारले.

"मी मघाशीच जेवले, दादा."

धाकट्याने आपली अर्धी भाकरी संपवली आणि टोपलीकडे बोट केले. "आई, आज पाव्हणे जेवणार न्हाईत. मग त्यांची भाकर आम्हाला?"

  तीन गुरुवार आपण काय खाल्ले, ते शिष्याला त्या क्षणी समजले. शेळी चरायला गेलेली नव्हती. तोडे टोचत नव्हते; दोन्ही पडत्या भावाने विकून झाले होते. भांड्यांच्या फळीवर आता एक तांब्या आणि एक पातेले उरले होते. चार दिवस खपून त्याने मोजलेला तो सारा वाटा याच चुलीत जळत होता, आणि त्यातून आलेले तूप त्याच्या ताटात पडत होते.

म्हाळसा उंबऱ्यापर्यंत आली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की त्याला वाकून ऐकावे लागले. "दादा, पंचांत सांगू नका. हिला पोसता येत न्हाई असं झालं, तर लेकरं जातील माझी. मी करते काहीतरी. तुम्ही फक्त सांगू नका."

शिष्य आबांकडे परतला तो संतापूनच. तुम्हाला हे ठाऊक होते, मग उपाशी बाईच्या घरी मला जेवायला का पाठवलेत, असे त्याने गुरूला तोंडावर विचारले. आबांनी मान खाली घातली.

"संशय होता, ठाऊक नव्हते," ते म्हणाले. "तुझे ताट कुठून भरले जाईल, याचा विचार मीही केला नाही. माझ्यापुढेही साठ वर्षे ताट भरलेलेच आले आहे. हा दोष माझा." त्यांनी तेव्हाच चार पायल्या ज्वारी म्हाळसेकडे पाठवली. पंचांचा माणूस तीनदा जेवला, त्याची ही भरपाई, असा निरोप दिला.

मग ते शिष्याला म्हणाले, "तू केलेले दोन वाटे त्या दिवशी सारखेच होते. पण त्यातला एक वाटा रोज कमावणारा होता आणि दुसरा रोज मोडून खायचा होता. राघोजीची विद्या मागासकट त्याच्या घरी राहिली. म्हाळसेची विद्या पेठेत घरोघर फुकट मिळते, म्हणून बाहेर तिला भाव नाही. दहा वर्षे भरलेल्या तिच्या कांड्या त्याच्या लुगड्यांत विणून गेल्या. त्याचे नाव व्यापाऱ्याला ठाऊक आहे, तिचे कोणाला? आणि वाटे करताना तू माणसे दोन धरलीस. जेवणारी चार होती, त्यांतली तीन एकीकडे."

आता काय करायचे, असे शिष्याने विचारले. खरे बोलला तर लेकरे जातात, गप्प राहिला तर ती उपाशी मरते.  वाटणी तुझी आहे, तूच ती पेठेपुढे मांड, एवढेच आबा म्हणाले.

पौर्णिमेला पेठ पुन्हा जमली. आबांनी पागोट्यातली काडी काढून हातात घेतली आणि शिष्याला बोलायला सांगितले. म्हाळसा लेकरांना दोन्ही बाजूंना घट्ट धरून बसली होती. तिची नजर शिष्यावरून हलत नव्हती.

"म्हाळसाबाईंना लेकरे पोसता येत नाहीत," शिष्य म्हणाला.

बायकांत कुजबुज उठली. म्हाळसेने डोळे मिटले. राघोजी उभा राहिला आणि म्हणाला, की मग रीत आहे तशी लेकरे आपल्याकडे यावीत. दोनचार पंचांनी मानाही डोलावल्या. पण शिष्य थांबला नाही.

"पोसता येत नाहीत, कारण वाटणी करताना मी चुकलो," तो म्हणाला. तीन गुरुवारांची हकिकत त्याने काहीही न लपवता सांगितली. स्वतःच्या ताटातले तूपही सांगितले. शेवटी धाकट्याने विचारलेला प्रश्न त्याने जसाच्या तसा सांगितला. राघोजी खाली बसला.

शिष्याने मग नवी वाटणी मांडली. माग राघोजीकडेच राहील. पण धाकटा मिळवता होईपर्यंत मागावरून उतरणाऱ्या दर तिसऱ्या लुगड्याचे पैसे म्हाळसेच्या घरी जातील.

"काडी मोडली की संबंध संपला," राघोजी म्हणाला. त्याच्या आवाजात आता पहिला जोर नव्हता. "मग तिसरं लुगडं कशाचं? मी एकटा विणायचो."

"कांड्या कोण भरतं सध्या?" शिष्याने विचारले.

"वहिनी."

"त्यांना काय देता?"

 मागे बायकांत बसलेली राघोजीची भावजय पदर सावरत म्हणाली, "काय देत न्हाई. पण हे ऐकल्यावर उद्यापासून मजुरी घेईन म्हणते." लोक हसले, आणि हसता हसता बरेच जण आपापल्या बायकांकडे बघायचे टाळू लागले.

आता आबा बोलले. "ही काडी तुम्हा दोघांमधली आहे, राघोजी. तुमच्या लेकरांच्या ताटाशी तिचा काही संबंध नाही."

राघोजी लेकरांकडे पाहत राहिला.  आबांच्या हातातली काडी हलत नव्हती.

"तिसरं लुगडं देतो," तो अखेर म्हणाला. "पण पोरं सोमवारी माझ्याकडे जेवतील."

म्हाळसेने मान डोलावली. तेव्हा दोघांनी हात पुढे केले, आणि आबांनी काडी मोडली.

पुढच्या गुरुवारी शिष्य न सांगता म्हाळसेकडे गेला. तिने पाट मांडला, ताट वाढले. त्याने दुसरे ताट मागितले आणि तुम्ही बसल्याशिवाय हात लावणार नाही, असे सांगितले. ती हसली, मग संकोचली, मग जरा पाठमोरी होऊन बसली. शिष्याने तिला पहिल्यांदाच जेवताना पाहिले. ती भरभर जेवत होती, कोणीतरी मधेच उठवील अशा घाईने. अर्ध्या भाकरीनंतर तिचा हात मंदावला. मग ती सावकाश, चावून जेवू लागली.

पुढे तो शिष्य मोठा पंच झाला. वाटणीसाठी कोणी आले की तो आधी एकच गोष्ट विचारी: या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? आज आपल्याकडे काडीच्या जागी कागद आला आहे. त्यावर सही होण्याआधी हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा.